ओसरीवरच्या पुठ्ठ्याची कैफियत

मी पुठ्ठा बोलतोय. परीक्षेला नेतात ना, वर लोखंडी चाप असलेला, तोच. सध्या पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून बसलोय, अंगाला पीठ लागलंय, म्हणून हसू नका. माझ्या छातीवर एक अख्खी कादंबरी लिहिली गेली आहे. छापून आलेली! तुमच्या घरातल्या किती पुठ्ठ्यांना हे सांगता येईल?

एकाहत्तर साली सेलूच्या बाजारातून नत्थूजी तिमांडे गुरुजींनी मला मुलीच्या मॅट्रिकसाठी आणलं. मुलीचं नाव रुख्मिणी. ती पास झाली आणि मला वाटलं, सुटलो. कुठलं काय! दुपारी घर झोपलं की ती मला घेऊन माळ्यावर चढायची, चापात कागद लावायची, आणि लिहिता लिहिता एकटीच खिदळायची. मला आधी वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

गोष्ट होती कॉलेजातल्या एका मुलीची. ती रोज एका मुलाच्या दारासमोर आपल्याच सायकलची हवा सोडते, आणि तो बावळट पंप घेऊन धावत येतो, वर रस्त्यातले काटे वेचत बसतो. ‘हवा कोणी सोडली?’ असं नाव. चौऱ्याहत्तर साली नागपूरच्या एका प्रकाशकानं ती छापली. शाळा-कॉलेजच्या पोरी वहीत लपवून वाचायला लागल्या. प्रकाशकानं कळवलं, दुसरी लगेच पाठवा, दरवर्षी एक छापू. त्या दिवशी ती मला डोक्यावर धरून माळ्यावर नाचली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

गुरुजी खूश झाले आणि घाबरलेही. म्हणाले, “बेटा, सासरी पुस्तकाचं नाव काढू नको. प्रेमाच्या गोष्टी लिहिणारी सून कोणाले पटन?”

लग्न ठरलं रोहण्याच्या उरकुड्यांकडे. लग्नाच्या आठ दिवस आधी तिनं दुसरी कादंबरी टपालात टाकली आणि प्रकाशकाला सासरचा पत्ता दिला: रुख्मिणी तिमांडे, द्वारा नानाजी उरकुडे. पुस्तकावर जे नाव होतं तेच लिहिलं, दुसरं काय लिहिणार? पण मांडवात तांदळाच्या ताटात नवं नाव कोरलं गेलं. मी ट्रंकेतून बाहेर आलो तेव्हा सगळे तिला शकुंतला म्हणत होते.

सासऱ्यांनी, म्हणजे नानाजींनी, मला पाहिलं. “हे बेस हाय,” म्हणाले आणि आपले सातबारे चापात अडकवून मला ओसरीवर खिळ्याला टांगलं. ते वावरात गेले की ती मला हळूच काढायची. तिसरी कादंबरी सुरू झाली होती. दुसरीचं उत्तर आज येईल, उद्या येईल, असं ती स्वतःशीच बोलायची.

उत्तर आलं. महिन्याभरातच आलं. पोस्टमन बबनरावांनी ओसरीवर येऊन विचारलं, “रुख्मिणी तिमांडे कोण हाय जी तुमच्या इथं?”

“कोणाचं हाय पत्र?” नानाजींनी विचारलं.

“नागपूरच्या कोण्या माणसाचं दिसते.”

नानाजींचा चेहरा उतरला. सुनेच्या लग्नाआधीच्या नावानं परका माणूस पत्र पाठवतो, म्हणजे काय ते त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. माणूस वाईट नव्हता हो. दुसरा असता तर पत्र फोडून घर डोक्यावर घेतलं असतं. हे हळूच म्हणाले, “या नावाचं इथं कोणी नाई. वापस करून टाका. अन् बबनराव, गावात बोलू नका, बरं का.”

ती आत भाकरी थापत होती, दहा पावलांवर. आणि मी खिळ्यावर. मला तोंड असतं तर!

मग पत्रं येतच राहिली. काही त्याच प्रकाशकाची, काही त्यानं पुढे धाडलेली, वाचणाऱ्यांची. एक तर गुलाबी शाईचं होतं. ते पाहून नानाजींची उरलीसुरली शंकाही फिटली. तिच्या दुसऱ्या कादंबरीत चिठ्ठ्या भलत्याच्या हाती जातात, आणि ते लिहिताना तिची हसून हसून पुरेवाट झाली होती. इथे कोणी हसलं नाही.

एकदा तिनं धीर करून सासऱ्यांना विचारलं, “मामाजी, माह्या नावाचं काही आलं काय?”

“शकुंतलेच्या नावाचं? नाई बाई.”

खोटं नव्हतं ते. म्हणून तर तिनं विश्वास ठेवला. माहेरी गेली तेव्हा तिनं प्रकाशकाला एक कार्ड टाकलं, खाली सही पुन्हा रुख्मिणीच. त्याचं उत्तरही ओसरीवरूनच मागे गेलं. तिला वाटलं, आपलं लिखाणच टाकाऊ. पहिलं चाललं ते नशिबानं. दोन वर्षं वाट पाहून तिनं तिसऱ्या कादंबरीचे कागद पाण्यात भिजवले, मेथी टाकून उखळात कुटले आणि पालथ्या घागरीवर थापून टोपली केली. बायका करतात तशीच. शेजारच्या शोभाबाई म्हणाल्या, “बेस झाली वो!” त्यानंतर तिनं माझ्या चापात कागद लावला नाही. मी स्वयंपाकघरात आलो, डब्यावर.

परवा, म्हणजे सत्याऐंशीच्या चैत्रात, नानाजी स्वयंपाकघरासमोरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. ती पेज भरवत होती. ते म्हणाले, “बाई, एक गोष्ट माह्या पोटात हाय. तुह्या जुन्या नावानं नागपूरहून पत्रं येत होती. आठ-नऊ असतीन. म्या सारी वापस केली. तुही अब्रू राखली.”

तिच्या हातातला चमचा थांबला. “कधी?”

“तू नवीन होती तवा.”

प्रकाशकाचं दुकान कधीचंच बंद झालं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी गळत होतं. म्हाताऱ्यानं हात तिच्या डोक्यावर ठेवला. “रडतं काऊन? भिऊ नको पोरी. म्या चंद्रभानले बी नाई सांगतलं.” चंद्रभान तिचा नवरा.

“बरं केलं मामाजी,” ती म्हणाली आणि पुढचा घास भरवला.

ते ‘बरं केलं’ मी ऐकलं आणि माझा जीवच गेला. तुम्हाला एकच मागतो. मला चुलीत घाला, पुठ्ठा चांगला जळतो. पण त्याआधी दारात उभं राहून कोणीतरी एकदा तिला रुख्मिणी म्हणून हाक मारा. या घरात बारा वर्षांत कोणी मारली नाही.