मिरचीच्या झाडावरची कात

मार्जुकी ट्रकच्या फेरीवरून घरी आला की वारसिती पहाटेच चूल पेटवायची. त्या दिवशी मात्र तो उठला तेव्हा चूल गार होती आणि बायको परसातल्या मिरचीच्या वाफ्यात पालथी पडलेली.

"काय गं, चक्कर आली का?"

"शूऽऽ. हळू या, मास. पाय आपटू नका." नवऱ्याला ती जावातल्या रीतीप्रमाणे मास, म्हणजे दादा, म्हणायची.

मोबाइलवर चिमट्याने बसवलेली भिंगाची चकती तिने मिरचीच्या फांदीखाली धरली होती. सुंबिंग डोंगरावरून उतरलेल्या धुक्यातून ऊन गाळल्यासारखं येत होतं. तिला हेच ऊन लागायचं. ऊन चढलं की किड्यांची पाठ नुसती चकाकते आणि आतलं सगळं हरवतं, असं ती म्हणायची.

"लोकांच्या बायका लग्नाकार्याचे फोटो काढतात," मार्जुकी पुटपुटला, "माझी चिलटांचे."

"बघायचं तर बघा, नाहीतर आत जा."

तो कुरकुरत गुडघ्यावर बसला. पडद्यावर एक नमस्कारी नाकतोडा उलटा लटकला होता. त्याच्या पाठीवर चीर पडली होती आणि त्या चिरेतून दुसराच कोणीतरी बाहेर येत होता. ओला, फिकट हिरवा, काचेसारखा. आधी पाठ सुटली, मग डोकं. जुन्या डोळ्यांतून नवे डोळे निघाले आणि मागे रिकाम्या डोळ्यांचं टरफल राहिलं. मार्जुकी पडद्यावर आणखी वाकला.

"याला दुखत असेल का गं?"

"काय माहीत. पण आता पडला तर संपलं. अंग अजून मेणासारखं आहे."

तेवढ्यात दरीतून वारा सुटला. फांदी हलली, नाकतोडा झोका घेऊ लागला. वारसितीने हाताचा आडोसा केला, पण हात धरावा तर फोटो हलणार. मार्जुकी उठला, त्याने कमरेची लुंगी सोडली आणि दोन्ही हातांनी पडद्यासारखी ताणून वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला. अंगावर राहिली फक्त चड्डी.

कुंपणापलीकडून टोपली घेऊन चाललेली शेजारची म्हातारी तुमिनी थबकली; तिला सगळे बू, म्हणजे आई, म्हणत. "काय रे मार्जुकी, तुला वाळत घातलंय की काय?"

"गप, बू. इथे बाळंतपण चाललंय."

म्हातारीने टोपली खाली ठेवली आणि तीही कुंपणावरून वाकली.

नाकतोडा बराच वेळ शेपटाच्या टोकावर निपचित लोंबत होता. गेलाच, असं वारसितीला वाटलं. मग एकाएकी त्याने अंग वर वळवलं, स्वतःचीच जुनी कात पुढच्या पायांनी घट्ट धरली आणि उरलेलं शरीर ओढून घेतलं. पाठीवरचे चुरगळलेले पंख हळूहळू उलगडू लागले, ओलं रेशीम कोणी झटकून सोडावं तसे. धुक्यातलं ऊन त्यांच्यातून आरपार गेलं. एकेक शीर दिसू लागली, नद्यांसारखी, फाट्याफाट्यांची. वारसिती शिवणकाम करणारी बाई. आयुष्यभर कापड हाताळलेलं. असलं विणकाम तिने पाहिलं नव्हतं. तिचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

"अगं, काढ ना," मार्जुकी कुजबुजला.

तिने काढला. पुन्हा काढला. डोळे पुसून परत काढला.

पंख लांब, सरळ झाले तेव्हा नाकतोड्याने मान वळवून तिघांकडे पाहिलं. मार्जुकीचे हात भरून आले होते, पण लुंगी खाली आली नाही.

"एवढं सगळं," बू तुमिनी शेवटी म्हणाली, "आणि मी रोज इथूनच जाते."

बरेच फोटो हललेले निघाले. एक मात्र साधला होता. डोळा अगदी स्वच्छ, त्याच्यामागे पंख उजेडात विरघळल्यासारखे.

पुढच्या आठवड्यात मार्जुकीने उत्तरेच्या महामार्गावरून एक फोटो पाठवला. ट्रकच्या आरशावर बसलेलं काहीतरी तपकिरी आणि त्याखाली एक ओळ: 'हा कोण? दहा मिनिटं थांबलोय, मागचे हॉर्न वाजवतायत.'

फोटो इतका धूसर होता की वारसितीला काही ओळखता येईना. ती मशीन थांबवून कितीतरी वेळ तो पाहत बसली.