न वाचता मंजूर

वीरधवलनं सॉफ्टवेअरची कंपनी काढली खरी, पण डोकं सोसायटीचंच ठेवलं. त्याचे वडील नानासो गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे बावीस वर्षं चेअरमन होते. त्यामुळे सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय जगात काही हलू नये, ही त्याची लहानपणापासूनची समजूत. पलूसच्या स्टँडमागच्या दोन खोल्यांच्या ऑफिसातही त्यानं तोच कायदा लावला. कोडमध्ये काहीही बदलायचं तर सूचक ऑफिसातली एकुलती प्रोग्रामर अक्षता, अनुमोदक वीरधवल. त्याच्या मंजुरीशिवाय साधा स्वल्पविरामही इकडचा तिकडे व्हायचा नाही.

धंदा तसा एकच होता. नदीचं पाणी मोटारीनं उचलून रानांना देणाऱ्या त्रेचाळीस गावांच्या योजनांसाठी पाणीपाळीचं सॉफ्टवेअर. उद्या कोणाच्या रानात किती वाजता पाणी येणार, याचा मेसेज आदल्या दिवशी चार वाजल्यापासून यादीच्या क्रमानं शेतकऱ्याच्या मोबाईलवर जायचा. खरं तर एकच सॉफ्टवेअर सगळ्यांना पुरलं असतं. पण प्रत्येक चेअरमनला आपलं वेगळं हवं, आणि वीरधवलला कोणाला नाही म्हणवत नाही, म्हणून कोडच्या त्रेचाळीस प्रती. त्याही बाहेर कुठे ठेवायच्या नाहीत, आपला माल आपल्या घरात, म्हणून सगळ्या ऑफिसातल्या कपाटातल्या सर्व्हरवर.

यातली प्रत्येक प्रत दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडच्या शंभरेक तयार गठ्ठ्यांवर, म्हणजे लायब्ररींवर उभी होती. त्यांच्या नव्या आवृत्त्या सारख्या येतात, जुन्यांत भोकं सापडतात, आणि ती बुजवायची तर एकेका प्रतीत जाऊन नवी आवृत्ती बसवावी लागते. अक्षतानं हे काम दोन वर्षं हातानं केलं. त्रेचाळिसावं गाव संपेपर्यंत पहिलं पुन्हा जुनं झालेलं असायचं. शेवटी वैतागून तिनं हे काम आपोआप करणारा प्रोग्राम, म्हणजे बॉट बसवला. तो रोज सकाळी सगळ्या प्रती तपासायचा, नवी आवृत्ती आली असली तर बदल तयार करायचा, चाचण्या चालवायचा आणि वीरधवलपुढे मंजुरीला ठेवायचा. चाचणी पास झाली तर हिरवी खूण, नापास झाली तर लाल. लालला हात लावायचा नाही, एवढीच मालकाकडून अपेक्षा होती. लालवर मंजुरीचं बटण चालूच नये, असं तिनं तीनदा बोलून पाहिलं होतं. मालकाच्या हाताला कुलूप घालतेस काय, म्हणून त्यानं तिन्ही वेळा हसण्यावारी नेलं.

आणि मालक रोज काय करायचा? पंगत खोळंबलेली असताना वार्षिक सभेत सभासद करतात तेच. सगळ्यांवर एकदम टिक आणि मंजूर.

चैत्रातल्या एका गुरुवारी सव्वाचारला अक्षताच्या आत्याचा, पारूबाईचा, फोन आला. पारूबाईचं अठरा गुंठे रान पाइपलाइनच्या अगदी शेवटाला. त्या टोकाला सगळे शेपूटच म्हणतात. अक्षताच्या वस्तीची चारही रानं तिथंच. बाकी सगळ्या गावांत पाणी आधी वरच्यांना मिळतं, खाली येईपर्यंत वीज तरी जाते नाहीतर पाणी तरी संपतं. नानासोंच्या या एकाच गावात वीस वर्षांपासून पाळी शेपटाकडून सुरू होते, म्हणून पारूबाईचा भुईमूग दरसाल तगतो. आता ऐन शेंगा भरायचे दिवस होते, आणि ही पाळी चुकली तर पुढची पंधरा दिवसांनी.

“आगं अक्षे, चार वाजून गेलं. माजा म्येसेज न्हाई आला,” पारूबाई म्हणाली. “पैला मलाच येतोय न्हवं?”

अक्षतानं उद्याची यादी उघडली. यादी उलटी झाली होती. पहिलं नाव वरच्या टोकाच्या नानासोंचं, शेवटचं पारूबाईचं.

मागं जाऊन बघितलं तर सगळा उलगडा झाला. तिच्या आधीच्या प्रोग्रामरनं शेपटाकडून पाळी करायला आपल्या कोडमध्ये दोन ओळी लिहायच्या सोडून, यादी लावणाऱ्या लायब्ररीच्याच पोटात हात घातला होता, तोही फक्त या एका प्रतीत आणि कोणाला न सांगता. त्या लायब्ररीची नवी आवृत्ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आली होती, आणि बॉटनं सकाळी ती तिथं आणली, तेव्हा त्याची ती कारागिरी पुसली गेली. पण अक्षतानं या गावासाठी खास चाचणी लिहून ठेवली होती, पहिलं नाव शेपटाचंच पाहिजे म्हणून. ती नापास झाली होती. बॉटनं इमानेइतबारे लाल खूण केली होती. आणि नऊ वाजून वीस मिनिटांनी बेचाळीस हिरव्यांबरोबर वीरधवलनं ती एक लालही मंजूर करून टाकली होती.

अक्षताला त्याचा भयंकर राग आला. जुनी लायब्ररी परत बसवायला एक मिनिट लागलं. पण तो सुद्धा बदलच, त्यालाही अनुमोदक हवा, आणि अनुमोदक कवठे महांकाळला मेव्हण्याच्या लग्नात. पाचला पाटकरी यादी घेऊन जाणार आणि सकाळी सहाला त्याच यादीप्रमाणे पाणी सोडणार. तिनं पाटकऱ्याला फोन करून सांगून बघितलं. पाण्यावरून गावात आधीच डोकी फुटलीत, मी आपला यादीत असेल तसं सोडणार, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

पाचव्या फोनला वीरधवलनं उचलला. मागं बँड वाजत होता. मी सकाळीच सगळं मंजूर केलंय की, हे त्यानं दोनदा सांगितलं. लाल खूण म्हणजे काय असतं, हे तिनं त्याला दोन वर्षांत बहुतेक चाळिसाव्यांदा समजावलं. वरातीत आहे, उद्या बघू, म्हणाला.

“उद्या न्हाई दादा,” अक्षता म्हणाली. “माज्या आत्याचं पाणी जातंय. आत्ता मोबाईल उघडा, एकच बदल हाय, त्यो वाचा आन मग मंजूर करा.”

पाचला आठ मिनिटं कमी असताना मंजुरी आली. त्यानं तो बदल वाचला नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं. कंपनी विकायचा ठराव टाकला असता तरी तो आत्ता पास झाला असता. यादी सरळ झाली, मेसेज पुन्हा गेले, पारूबाईचा आला गं बाई म्हणून फोन आला, आणि मग अक्षताला रडू कोसळलं. ते सगळं रागाचं होतं.

दुसऱ्या दिवशी वीरधवलनं आल्या आल्या जाहीर केलं की आजपासून तो बॉट बंद, नसता ताप झालाय. लाल खुणेचा त्यानं उल्लेखही केला नाही. तेवढ्यात खुद्द नानासो ऑफिसात आले. काल त्यांना आधी पहिल्या पाळीचा मेसेज आला होता आणि तासाभरात शेवटच्या पाळीचा. हे कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. वीरधवलनं सर्व्हरच्या कपाटाकडं बोट दाखवलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

“परत उलटं मी केलं,” अक्षता म्हणाली.

आता बोलणी खायची, म्हणून ती उभी राहिली. नानासोंनी तिच्याकडं नीट बघितलं आणि ते खुर्चीत बसले.

“तू केरूची न्हवं?” ते म्हणाले. “त्यो आमचा क्लार्क हुता. शेपटाला आधी पाणी, ह्यो ठराव त्यानं सभेत मोठ्यानं वाचला हुता. आमचं ध्यान जिलबीकडं. मंजूर मंजूर म्हणत पळालो, पंगतीतच सई केली. म्होरल्या पाळीला पाणी शेपटाला गेलं, तवा मी केरूच्या अंगावर धावून गेलो. त्यानं ठरावाचं बुक उघडलं आन माजी सई दाखवली. आता वाचलं न्हवतं म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?”

अक्षताचा बाप जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानं हे घरात कधी सांगितलं नव्हतं. आत्याचं पाणी एका न वाचलेल्या मंजुरीनं आलं होतं आणि काल न वाचलेल्याच मंजुरीनं जात होतं, हे कळल्यावर हसावं की कपाळ बडवावं, हे तिला समजेना.

नानासो गेले. बॉट बंद करायचा तर तो सुद्धा बदल, त्याला सूचक लागतो, आणि ऑफिसात सूचक एकच होती. तिनं काही तो बदल सुचवला नाही. दुसराच एक सुचवला आणि यादीत सगळ्यात वर ठेवला. स्वच्छ मराठीत लिहिलं, काही लपवलं नाही: लाल खूण असलेल्या बदलाला यापुढे कोणालाही मंजुरी देता येणार नाही, मालकालाही नाही.

वीरधवल फोन संपवून आला, लग्नातल्या बुंदीचा डबा उघडला आणि डाव्या हातानं सगळ्यांवर टिक केली.

सोमवारी सकाळी तो तणतणत तिच्या टेबलाशी आला. एका लालवर बटण चालत नव्हतं.

“ह्ये असलं कुणी मंजूर केलं?” त्यानं विचारलं.

अक्षतानं शुक्रवारची नोंद उघडली आणि पडदा त्याच्याकडं वळवला. सूचक म्हणून तिचं नाव होतं, अनुमोदक म्हणून त्याचं.