दोऱ्याला टांगलेले वटवाघूळ

मित्रांनो, मी एक जुने, पिकल्या केसांचे वटवाघूळ आहे. जातीने मादी. माझी गोष्ट ऐकायला बसलाच आहात, तर आधीच सांगून ठेवते: मी रागावलेली आहे आणि गोष्ट संपेपर्यंत रागावलेलीच राहणार आहे. गोड शेवट हवा असेल तर पोपटाकडे जा.

माझा जन्म कल्याणजवळच्या मोहने गावाबाहेर, नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडावर झाला. झाड दामाजी नावाच्या शेतकऱ्याच्या वाडीत होते. आमची शेकडो बिऱ्हाडे त्यावर टांगलेली असत. दिवसभर झोपायचे, भांडायचे, पंखांनी वारा घ्यायचा आणि दिवेलागण झाली की चरायला निघायचे. टिटवाळ्याची जांभळे, खडवलीचे उंबर, कुणाच्या परसातला पेरू. खाता खाता आम्ही बिया टाकत जायचो. तुम्ही ज्यांच्या सावलीत बसता, त्यातली कितीतरी झाडे आमच्या तोंडातून पडलेली आहेत. त्याबद्दल आम्हाला कुणी शाल-नारळ दिला नाही आणि आम्ही मागितलाही नाही.

दामाजी तेव्हा आमचे कौतुक करायचा. पाहुणे आले की झाडाखाली उभा राहून म्हणायचा, "बगा, आमचे झारावर कवरी वस्ती हाय!" त्याची थोरली बहीण जनी तर आम्हाला माहेरवाशिणी म्हणायची. मला वाटे, माणसे बरी असतात. लहान होते मी, दुसरे काय?

सन एकोणीसशे शहाऐंशीच्या मे महिन्यात दामाजीने त्या झाडालगतच स्लॅबचे नवे घर बांधले. सत्यनारायण घातला आणि पूजेनंतर अंगणात व्हिडिओचा कार्यक्रम ठेवला. त्या काळी पूजा तीर्थप्रसादावर संपली तर लोक नावे ठेवत, व्हिडिओ लागायचाच. कल्याणहून गुरुदत्त नावाचा माणूस रिक्षातून टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटी घेऊन आला. देवाधर्माचा सिनेमा झाला, मारामारीचा झाला. मग त्याने एक काळी कॅसेट वर धरली.

"काका, हा थेटरातला नाही हां. विलायतेत खास टीव्हीसाठी बनवलेला जुना पिक्चर आहे. तिकडे लोकं आपापल्या घरात बसून घाबरलेली. तुम्ही पण घाबरणार, गॅरंटी."

लाव म्हणाले सगळे. खालच्या उजेडाने आणि गोंगाटाने त्या रात्री आम्ही कुणी चरायला निघालोच नव्हतो. मी वरून पाहत होते. माझे पिल्लू माझ्या पोटाला बिलगले होते. त्याचे वय महिना-सव्वा महिना, डोळे टपोरे आणि भूक राक्षसाची.

सिनेमात एक पांढराफटक माणूस होता. अंगावर काळा झगा, ओठाबाहेर दोन सुळे. तो बायकांच्या मानेतून रक्त प्यायचा आणि मग वटवाघूळ होऊन खिडकीतून उडून जायचा. मित्रांनो, आम्हा फळे खाणाऱ्या वटवाघळांचे डोळे चांगले तेज असतात. ते वटवाघूळ रबराचे होते आणि दोऱ्याला टांगलेले होते. पंख हलत नव्हते, पाय भलतीकडेच होते. आमच्या झाडावर अशी काही खसखस पिकली की फांद्या हलल्या. फांद्या हलल्या म्हणून खालच्या माणसांनी वर पाहिले. टीव्हीच्या उजेडात त्यांना आम्ही दिसलो. शेकडो, उलटे, काळे.

कुणीतरी किंचाळले. पाट, चटया, प्रसादाचे द्रोण टाकून अंगण रिकामे झाले.

तेवढ्यावर भागले असते. पण तिसऱ्या दिवशी दामाजीची नात उत्तरा तापाने फणफणली. सहा वर्षांची पोर. तिची आई मंजुळा तिच्या अंगावरून हात फिरवत होती, तेव्हा तिला मानेवर दोन लाल ठिपके दिसले. तिने हंबरडाच फोडला.

"मामंजी! पोरीचे मानेवर दात लागलेत!"

दामाजी धावत अंगणात आला. त्याने वर पाहिले, ते आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. ज्या बोटाने तो पाहुण्यांना आम्हाला दाखवायचा, तेच बोट त्याने वर केले.

"यांनीच आमचे पोरीचा रगात पिला! कुऱ्हारी आना!"

एकट्या जनीने वाट अडवली. "दामा, येरा झालास काय? ती फला खातान. आपले बापाने सांभाललेला झार हाय ह्यो. पोरीला आधी डाक्टरकडं ने."

तिचे कोण ऐकणार? विलायतेचा सिनेमा एकीकडे आणि घरची म्हातारी एकीकडे. माणसे सिनेमाच्या बाजूने गेली.

त्यांनी खाली सुक्या मिरच्यांचा धूर केला. सुतळी बॉम्ब लावले. भर दुपारच्या उन्हात आम्ही उठलो. पिल्लाला पोटाशी घेऊन मीही उडाले. धुराने माझा श्वास कोंडला, डोळे मिटले, आणि त्या घुसमटीत ते माझ्यापासून सुटले. मी परत वळले तर खाली माणसे, दगड आणि काठ्या होत्या. त्याचा आवाज मला थोडा वेळ येत राहिला. मग आला नाही.

संध्याकाळपर्यंत अर्जुन आडवा झाला. दुसऱ्या दिवशी दामाजी पोरीला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मलेरिया सांगितला. ठिपके डासांचे होते. गोळ्यांनी पोर उठून बसली, पण दामाजी गावभर सांगत फिरला की झाड तोडले म्हणून पोर वाचली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. डास मात्र आजही मोहन्यात मजेत आहेत.

आम्ही नदीपलीकडच्या एका वडावर राहायला गेलो. बाकीच्यांनी दुःख गिळले. मी नाही गिळले. मी शपथ घेतली की दामाजीच्या वाडीतले एकही फळ त्याच्या तोंडी लागू द्यायचे नाही. पेरू पिकायच्या आदल्या संध्याकाळी मी हजर. चिकू, रामफळ, जांभूळ, काही सोडले नाही. खाल्ले त्यापेक्षा चावून टाकले जास्त. जांभळांच्या दिवसांत त्याच्या घरच्या दोरीवरचे पांढरे कपडे मी नेमाने रंगवून ठेवी. मंजुळा साबण घासून घासून दमायची. दामाजीने जाळी बांधली, पत्र्याचे डबे वाजवले, फटाके लावले. मी दुसऱ्या फांदीवरून यायची. तुम्ही म्हणाल, हा क्षुद्रपणा झाला. असू दे. माझ्यापाशी कुऱ्हाड नव्हती.

पण त्याने माझी भूक भागली, आग नाही. मला त्याला घाबरलेले पाहायचे होते. मी घाबरले होते तसे.

बारा उन्हाळे गेले. दामाजीच्या घरी केबल आली. एके दिवशी संध्याकाळी मी खिडकीलगतच्या जांभळावर जेवायला बसले होते. आतमध्ये उत्तरा होती, आता कॉलेजात जाणारी. तिच्या दोन मैत्रिणी होत्या. खुर्चीत दामाजी होता, म्हातारा झालेला, गुडघे धरलेला. आणि टीव्हीवर मला तोच झगा दिसला. तेच सुळे. तोच सिनेमा.

मी ठरवले, ही वेळ साधायची. सिनेमातले वटवाघूळ उडाले, यांची भीतीने बोबडी वळली की नेमके त्याच क्षणी खिडकीतून आत शिरायचे. म्हाताऱ्याच्या छातीत धडकीच भरवायची. मग तो राहो की जावो.

वटवाघूळ उडाले. आणि मित्रांनो, ती माणसे हसली.

"अगं, दोरा बघ दोरा!" उत्तरा सोफ्यावरून घसरली. "कसलं फालतू! वरून कोणीतरी झुलवतंय त्याला!"

"आणि ते रक्त? रसना वाटतंय," एक मैत्रीण म्हणाली.

"आजोबा, याला घाबरलेलात तुम्ही लोकं? खरंच?"

दामाजीने डोळे बारीक करून पाहिले. त्यालाही दोरा दिसला. तोही बोळक्या तोंडाने हसायला लागला. "तवा रंग नव्हता गो टीवीला," तो म्हणाला आणि आणखी हसला.

माझे पिल्लू ज्याच्यापायी गेले, त्या रबराच्या तुकड्याला तो हसत होता. मी काय केले ते मलाच कळले नाही. सारे बळ एकवटून मी खिडकीतून आत झेपावले. माझे पंख पसरले की दोन हातांहून मोठे होतात. मैत्रिणी टेबलाखाली गेल्या. मी टीव्हीच्या वर असलेल्या कापडी पडद्याच्या दांडीला लटकले आणि म्हाताऱ्याकडे तोंड केले. माझ्या तोंडातून लाल-जांभळे थेंब टपकत होते.

"रगात!" दामाजी ओरडला. त्याला उठता येईना. बारा वर्षे मी हेच मागत होते. ते मला मिळाले आणि खोटे कशाला बोलू, फार बरे वाटले.

पण उत्तरा पळाली नव्हती. तिने आधी पंखा बंद केला, मग टीव्ही. जमिनीवरचा थेंब बोटावर घेऊन वास घेतला.

"आजोबा, जांभूळ आहे हो. जांभूळ खाऊन आलंय ते. रक्त नाही पीत ही, फळं खातात."

दामाजी माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याची नजर खिडकीतून बाहेर गेली, नदीकडे, जिथे आता नुसते आभाळ आहे.

"जनी बोलत व्हती," तो पुटपुटला. जनीला जाऊन पाच वर्षे झाली होती. "ती हेच बोलत व्हती. मंग मी झार कशाला तोरला?"

तो रडू लागला. मी आल्या खिडकीने बाहेर पडले.

पुढच्या पावसाळ्यात त्याने नदीकाठी अर्जुनाची रोपे लावली. फळांवरची जाळीही काढली. आमच्यातली तरुण मंडळी म्हणतात, आजी, आता तरी सोडून दे. मी नाही सोडत.

मित्रांनो, खुशाल घाबरा. भुताला घाबरा, सिनेमाला घाबरा, अंधाराला घाबरा. पण घाबरलेल्या हातात कुऱ्हाड घेऊ नका. त्या वेळी घरातली एखादी जनी काय म्हणते ते ऐका. तुमच्या भीतीचे बारा वर्षांत हसू झाले. माझे पिल्लू अजून मेलेलेच आहे.