गळ्यावरचे वळ

मेरिनचा आवाज पार बसला होता. "सर्दी झालीये," असं तिनं सासूला सांगितलं खरं, पण चहाचा घोट गिळताना तिनं डोळे गच्च मिटले आणि ते नोएलीनच्या नजरेतून सुटलं नाही. म्हातारी उठली आणि तिनं सुनेच्या गळ्याचा स्कार्फ बाजूला सारला.

"ग्रँटनं गळा धरला?"

मेरिननं स्कार्फ पुन्हा ओढून घेतला.

"डोळ्यांपुढे अंधारी आली होती?"

"एकदाच झालं हो. ॲडलेडला बहिणीकडे राहायला जाते म्हटलं, म्हणून भडकला. मग रडला बिचारा."

"माझी बहीण कोरलही 'एकदाच' म्हणाली होती. महिन्याभरात पुरलं तिला. ऊठ."

"अहो, तुमचा मुलगा आहे तो!"

"म्हणूनच सांगतेय. थोबाडीत मारणारा वेगळा, पोरी. गळा धरणाऱ्यानं तुझा जीव हातात धरून पाहिलाय. फोन इथंच ठेव, त्यावरून माग काढेल तो."

संत्र्यांच्या बागांमधल्या रस्त्यानं नोएलीनची पिकअप निघाली. वळणावर समोरून ग्रँटची पांढरी गाडी आली. "खाली वाक!" मेरिन पायांपाशी मुटकुळं करून बसली. वरून सासूनं चाऱ्याचं रिकामं पोतं टाकलं. दोन्ही गाड्या शेजारी थांबल्या.

"कुठे निघालीस, आई?"

"कोंबड्यांचं खाणं संपलंय."

"मेरिन फोन उचलत नाहीये."

"आंघोळीला गेली असेल. बायकोला जरा श्वास तरी घेऊ दे रे."

तो गाडी पुढे घेईना. इंजिनाची घरघर तेवढी चालू होती. पोत्यातल्या धुळीनं मेरिनला खोकला येऊ लागला. तिनं मनगट दातांत धरलं. अखेर त्याची गाडी पुढे गेली, घराच्या दिशेनं.

"आता त्याला कळेल," नोएलीन पुटपुटली. तिनं गिअर टाकला आणि गाडी हॉस्पिटलच्या दिशेनं दामटली.

हॉस्पिटलात पोचताच नोएलीननं पोलिसांना फोन केला. मेरिनची तपासणी झाली. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली होती. घरी राहिली असती तर झोपेतच गेली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तोवर घर रिकामं पाहून, आईची पिकअप शोधत ग्रँट हॉस्पिटलच्या आवारात पोचला होता. पोलिसांनी त्याला तिथेच धरलं. त्याच्या गाडीत मागच्या सीटवर भरलेली रायफल होती.

कोर्टात नोएलीननं पोटच्या पोराविरुद्ध साक्ष दिली. नंतर बाहेर बाकावर ती कितीतरी वेळ बसून होती. मेरिन शेजारी जाऊन बसली.