चमच्याचे तीन ठोके

दर गुरुवारी सराव संपला की आमच्या फुटबॉल क्लबात जेवण असतं. पुरुष टेबलांशी ऐसपैस बसतात, बायका स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताटं देतात. गहू पिकवणाऱ्या या छोट्या गावात वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यात काही वावगं आहे, असं आम्हाला कधी वाटलं नाही.

त्या हिवाळ्यात गावच्या सभागृहात एक चित्रपट दाखवला. आमच्याच डॉक्टरीणबाईंच्या मुलीने काढलेला. त्यातला नवरा जेवायला बसला की टेबलावर चमचा तीनदा आपटतो. बायको हातातलं टाकून धावते. उशीर झाला की मार. शेवटी ती त्या माराने मरते आणि तो रिकाम्या घरात चमचा आपटत राहतो. पोरीने पोटतिडकीने काढला होता हो! पण तो नट भुवया अशा उडवायचा की आम्ही पहिल्या ठोक्यापासून हसत सुटलो. घरी येताना तेवढंच बरोबर आणलं.

पुढच्या गुरुवारी क्लबाचे अध्यक्ष मर्व्ह यांनी पुडिंगसाठी चमचा तीनदा आपटला. मर्व्ह म्हणजे भला माणूस, मुंगीलाही न दुखवणारा. हशा पिकला. त्यानंतर दर गुरुवारी चाळीस चमचे वाजू लागले. मीही वाजवला, खोटं कशाला सांगू? मोसमाच्या शेवटी चमचा छापलेले शर्ट वाटायचंही ठरलं.

"शर्टांची ऑर्डर दिलीस का गं?" मर्व्ह यांनी घरी बायकोला विचारलं. क्लबाचं स्वयंपाकघर नोलीनच सांभाळायची.

"नाही, आणि देणारही नाही. तो माणूस बायकोचा जीव घेतो, मर्व्ह. त्याची खूण छातीवर मिरवणार तुम्ही?"

"अगं, गंमत आहे! मी कधी तुझ्यावर हात उचललाय का?"

"तू नाही उचललास. पण ज्याचा उठतो ना, त्याला तुझं हसू ऐकू जातं."

"झालं, प्रवचन सुरू!" असं म्हणून मर्व्ह पेपरात तोंड घालून बसले.

त्याच आठवड्यात गुरुवारी कस्टर्डचा ट्रे घेऊन टॅम्सिन खिडकीशी आली. आमच्या संघाचा कप्तान गार्थ, त्याची ही बायको. चाळीस चमचे एकदम वाजले. ट्रे खाली पडला. टॅम्सिन दोन्ही हात डोक्यावर धरून ओट्याखाली बसली आणि पुटपुटू लागली, "आले, आले... उशीर नाही केला मी..."

बाही वर सरकली होती. मनगट सुजून काळंनिळं पडलं होतं.

नोलीन तिच्याजवळ जमिनीवर बसली. "कधीपासून, बाळा?"

"मारायचा आधीपासूनच. पण तेव्हा आधी ओरडायचा तरी. त्या सिनेमानंतर ओरडत नाही. नुसते तीन ठोके देतो."

अरे देवा! मर्व्ह तरातरा गार्थसमोर गेले. "लाज नाही वाटत तुला?"

गार्थच्या हातात अजून चमचा होता. "मला एकट्याला का विचारता? तुम्ही वाजवला की गंमत, मी वाजवला की गुन्हा? सुरुवात कुणी केली, मर्व्ह?"

मर्व्ह यांनी आपल्या हातातला चमचा हळूच खाली ठेवला. मग आम्हीही एकेक करून आपापले ठेवले.

नोलीनने टॅम्सिनला गाडीत घालून इस्पितळात नेलं. मनगट दोनदा मोडून वाकडं जुळलं होतं; त्या हाताने आता तिला किटलीही उचलवत नाही. ती बहिणीकडे राहायला गेली. गार्थवर खटला चालू आहे.

शर्ट अर्थातच निघाले नाहीत. मर्व्ह यांनी स्वतः डॉक्टरीणबाईंच्या मुलीची माफी मागितली आणि चित्रपट पुन्हा लावला. या वेळी कुणी हसलं नाही. शेवटी तो नवरा चमचा आपटतो तेव्हा समोर त्याने बायकोचंही ताट मांडलेलं असतं. पहिल्या वेळी ते आम्हा कुणाला दिसलंच नव्हतं.

दिवे लागल्यावर मर्व्ह उभे राहिले. "पोरीने आपल्याला आरसा दाखवला होता," ते म्हणाले, "आणि मी त्यात बघून भांग पाडला."

मित्रहो, पडद्यावरच्या दुष्टाला आपण कौतुकाने घरी आणतो, तेव्हा तो कुणाच्या ना कुणाच्या जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसतो. हसण्याआधी एकदा बघा, शेजारी बसलेलं कोण हसत नाहीये. टॅम्सिन त्या पहिल्या दिवशी सभागृहात माझ्याच शेजारी बसली होती.