वायर पुरेल तिथवर

"ताई, याचं आता वय झालंय," लॅपटॉप उलटा करून त्याच्या पोटातली धूळ ब्रशने झाडत दुरुस्तीवाला म्हणाला. "बॅटरी मेलेली आहे आणि तसली आता मिळत नाही. पंखाही कुरकुरतोय. आज चालेल, उद्याचं सांगता येत नाही. माझं ऐकाल तर नवाच घ्या."

हे सगळं तो मला सांगत होता. सांगायला हवं होतं ते माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ह्यांना. पण ह्यांचा आवाज त्याच्या टेबलावर उलटा पडला होता. डॉक्टरांनी गळ्यातली आवाजाची पेटी काढून टाकल्यापासून हे त्या लॅपटॉपवर टाइप करायचे आणि लॅपटॉप ते मोठ्याने बोलून दाखवायचा. लॅपटॉप बंद, की नवरा बंद. आणि लोकांचं कसं असतं, ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसणार असं ते धरूनच चालतात.

"आणि यातला तो बोलायचा प्रोग्रॅम?" मी विचारलं. "तो नव्यात घालून द्याल ना?"

"तो नाही जायचा. बनवणारी कंपनीच बंद पडली. पण नव्यात त्याच्यापेक्षा झकास आवाज आहेत. अगदी माणसासारखे."

"मग हा कोणासारखा होता?" मी म्हटलं.

तेवढ्यात ह्यांनी टेबलावर दोनदा टकटक केलं. दुरुस्तीवाल्याला वाटलं, घाई चाललीय. मला मात्र बरोबर कळलं.

हे जन्मभर लिफ्टची दुरुस्ती करायचे. लिफ्ट जिच्यातून वरखाली होते त्या उंच पोकळीत एक माणूस खाली आणि एक वर. खालचा दिसत नाही, नीट ऐकू येत नाही. म्हणून लोखंडी रुळावर पान्याने ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चालू दे. आणि नियम असा, की जो इशारा आला तो समोरच्याने तसाच परत करायचा. उत्तर आल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही. हाकेचंही तेच. वरून हाक आली की खालच्याने "आलो" म्हणायचं, मग यायला अर्धा तास का लागेना.

तर ह्यांनी दोन ठोके दिले. म्हणजे ह्यांना नवा हवा होता. मी उत्तराचे ठोके काही दिले नाहीत. "विचार करून सांगतो," असं म्हणून लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आणला.

घरी आल्याआल्या ह्यांनी जेवणाच्या टेबलावर तो मांडला, वायर लावली, बटण दाबलं. पंखा धापा टाकत सुरू झाला आणि मग तो नेहमीचा, थोडा नाकातला, ना चढ ना उतार असा आवाज आला, "आलो."

हे ह्यांनीच त्यात घालून ठेवलं होतं. लॅपटॉप सुरू झाला की पहिला शब्द तो. सुरुवातीला मी दचकायची. पुढे सवय झाली, आणि कुठेही असले तरी "या" म्हणायची.

आमच्या घरात भिंतीला सोयीची अशी एकच जागा होती प्लगची, तिथून एक बोर्ड काढून टेबलापर्यंत आणला होता. त्याच बोर्डावर माझं शिलाईचं मशीन. मी पडदे शिवते, उशांचे अभ्रे शिवते. लॅपटॉपची बॅटरी गेल्यापासून वायर काढली की तो फट्‌दिशी बंद पडायचा. बोर्डावरच्या दोन खाचांपैकी एक जळालेली, त्यामुळे एक तर मी शिवणार नाही तर हे बोलणार. भांडण रंगात आलं की मी खुशाल त्यांची वायर काढून मशीनची लावायची. नवऱ्याला बंद करायची सोय माझ्याइतकी कोणत्या बाईला होती सांगा. मग हे हात जोडायचे, मी दोन चार टाके घालून वायर परत लावायची, आणि तो म्हणायचा, "आलो." त्यावर मला हसू यायचं आणि भांडण तिथेच मिटायचं.

डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक छोटं यंत्र दिलं होतं, नाही असं नाही. ह्यांनी एकदा ते लावलं, स्वतःचं बोलणं ऐकलं आणि ते जे कपाटात टाकलं ते टाकलंच. फोनवर टाइप करणं जमेना. पान्यांनी जाड झालेल्या बोटांखाली एका वेळी तीन अक्षरं दबायची. लॅपटॉपची बटणं मात्र ऐसपैस.

त्या संध्याकाळी हे टेबलाशी बसले आणि टाइप करत सुटले. आवाज म्हणाला, "मला नवा पाहिजे."

"चांगला चाललाय की हा," मी म्हटलं.

"मला खाली बाकावर बसायला जायचंय. सगळे बसतात. मी नुसता मान हलवतो."

"मान हलवायला काय झालं? अर्ध्या लोकांना तेवढंही जमत नाही."

ह्यांनी टाइप करायला वेळ घेतला. "वायर पुरते तिथवर मी माणूस आहे. त्याच्यापुढे पुतळा."

मी हातातला पडदा खाली ठेवला. "आणि माझं काय? मला तुमचा आवाज नको?"

"हा माझा नाही. कंपनीचा आहे."

"असेना. मला तोच तुमचा वाटतो."

"माझा कसा होता?" आवाज म्हणाला. त्याला प्रश्न विचारतानाही वर चढता यायचं नाही, त्यामुळे ते विचारल्यासारखं वाटलंच नाही. "आठवतो तुला?"

मी आठवायला गेले. खोलीभर हसायचे तेव्हाचं तोंड आठवलं. मला पहिल्यांदा बघायला आले तेव्हाचा सदरा आठवला. जिन्यातून हाक मारत यायचे, त्यावर मी ओरडायची ते माझं ओरडणं आठवलं. हाक काही ऐकू येईना. इतकी वर्षं ज्या आवाजाशी संसार केला तो माझ्या कानातून कधी निघून गेला ते मला कळलंच नव्हतं. त्या काळी कोण कुणाचा आवाज साठवून ठेवत होतं? मला रडू फुटलं. हे उठून माझ्याजवळ आले आणि पाठीवर हात ठेवून उभे राहिले. तिथून वायर पुरत नव्हती, म्हणून काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला फोन केला. "आण बाई तो नवा," म्हटलं. ती केव्हाची मागे लागली होती.

नवा लॅपटॉप पातळ, हलका. मुलीने त्यातले आवाज एकेक करून ऐकवले. "बाबा, हा घेऊ? की हा जरा भारदस्त आहे तो?" हे भाजी निवडावी तसे बसून निवडत होते. शेवटी एक ठरला. छान होता, नाही कशाला म्हणू. गोड, समंजस, शब्दाशब्दात चढउतार. मुलगी गेल्यावर ह्यांनी त्यातून मला सांगितलं, "जरा चहा टाकतेस का?" आणि मी आपली पाहुणा आल्यासारखी वरच्या फळीवरचे चांगले कप काढायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून हे रोज संध्याकाळी लॅपटॉप काखेत मारून खाली जायला लागले. मी वरून खिडकीतून बघायची. बाकावर हे मधोमध, मांडीवर लॅपटॉप, आणि भोवती पेन्शनरांचं कोंडाळं. मधेच सगळे हसायचे. काय बोलले ते मला ऐकू यायचं नाही. इतकी वर्षं ह्यांचा शब्द न्‌ शब्द माझ्या एकटीचा होता, आता तो खाली वाटला जात होता, याचं मला वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाईट वाटायचं. पण हे जिना चढून वर येत तेव्हा ह्यांचा चेहरा असा काही उजळलेला असायचा की माझी बोलायची टाप नव्हती.

पहिल्या दिवशी वर आले ते तसेच टेबलाकडे गेले. नवा लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. जुन्याची वायर लावली. पंखा कुरकुरला.

"आलो."

"या," मी म्हटलं. "पण तो नवा असताना हा कशाला?"

"बाहेरचे कपडे घरात घातलेले चालतात का तुला?" जुना आवाज म्हणाला.

मग खालची सगळी हकीकत ह्यांनी मला त्या एकसुरी आवाजात पहिल्यापासून सांगितली. कोणाच्या सुनेने काय केलं, कोणाचे दात बसेनात. विनोदही त्याच सुरात. पुढे हा रिवाजच पडला. बाहेर नवा, घरात जुना. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, दोन्ही झालं. नवाही आला आणि माझाही गेला नाही.

ते सुख एका हिवाळ्यापुरतं होतं. गळ्याखाली पुन्हा गाठ आली. डॉक्टरांनी आधी मुलीला बाहेर बोलावलं तेव्हाच मी काय ते समजले.

दवाखान्यात नवा लॅपटॉप फार उपयोगी पडला, हे मला मान्य केलं पाहिजे. बिछान्यात आडवं पडूनही बोलता यायचं. पण एकदा काय झालं, नर्स पट्टी बदलत होती. ह्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. ह्यांनी टाइप केलं आणि तो गोड आवाज म्हणाला, "मला फार दुखतंय." असं प्रसन्न म्हणाला की नर्स सहज हसली, आणि मग ह्यांच्या तोंडाकडे बघून ओशाळली. तिचा काही दोष नव्हता. त्या आवाजाला दुखणं ठाऊकच नव्हतं. जुन्यालाही नव्हतं म्हणा, पण तो निदान हसऱ्या तोंडाने बोलायचा नाही.

त्या दिवसानंतर ह्यांनी डॉक्टरांपुरताच नवा वापरला. मला म्हणाले, "घरचा आण." मी जुना लॅपटॉप, बोर्ड, सगळं पिशवीत घालून नेलं. पण बिछान्यामागच्या प्लगांवर औषधाची यंत्रं लावलेली. नर्स म्हणाली, "मावशी, हे काढता येणार नाही हो." बरोबरच होतं तिचं. मी पिशवी पलंगाखाली सरकवली. पुढे त्यांना टाइप करायचीही ताकद उरली नाही.

एका दुपारी भेटीची वेळ संपली. मी पर्स उचलली, पदर सावरला. मुलगी बाहेर उभी होती. मी वळले, तर मागून पलंगाच्या लोखंडी कठड्यावर एक ठोका आला. बोटातल्या अंगठीचा होता, हलकासा.

एक ठोका म्हणजे थांब.

मी परत फिरले. कठड्यावर माझ्या बांगडीने एक ठोका दिला. तेव्हा कुठे ह्यांनी डोळे मिटले. नर्स आली, तिने मला बघितलं आणि न बघितल्यासारखं करून पडदा ओढून घेतला. मी तशीच बसून राहिले. मधून मधून ठोका यायचा, मी परत करायची. सकाळी उजाडता उजाडता मी एक दिला, त्याला उत्तर आलं नाही. मी पुन्हा दिला. मग मुलीने आत येऊन माझा हात धरला.

नवा लॅपटॉप मुलगी घेऊन गेली. तिने आधी विचारलं, मी म्हटलं, ने. चांगली वस्तू आहे, वापरात राहू दे. जुना मी पुन्हा त्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो सुरूच होत नव्हता. त्याने तो उघडला, काहीबाही केलं. या वेळी माझ्या शेजारची जागा मोकळी होती. त्याने एक स्टूल पुढे केलं.

"ताई, तात्पुरतं केलंय," तो म्हणाला. "पण पंखा टेकीला आलाय. अजून किती वेळा सुरू होईल कोण जाणे. जपून ठेवायचा असेल तर बंदच ठेवा."

मुलगी म्हणाली, "आई, तो शब्द मी फोनवर रेकॉर्ड करून देते ना. मग हवा तेव्हा ऐक."

"नको ग," मी म्हटलं. "ते आपण वाजवलं की वाजणार. हा आपणहून म्हणतो."

ती रागावली नाही. ती आता माझ्यावर रागावतच नाही, त्याचाच मला जास्त त्रास होतो.

बरेच दिवस मी तो सुरू केला नाही. टेबलावर होता तिथेच होता. मी बोर्डावर मशीन लावून पडदे शिवायची. शेजारीण म्हणाली, तूच त्यात काहीतरी टाइप कर, तो बोलेल. त्यात मी टाइप केलं तर ते माझंच बोलणं, ह्यांचं कुठून होणार.

काल संध्याकाळी खाली बाकावर माणसं हसत होती. मी खिडकीत गेले. मधली जागा त्यांनी आपापसात सरकून भरून काढली होती. तसं करायलाच हवं, बाक काही मोकळं ठेवायचं नसतं. पण मला ते बघवेना. मी आत आले आणि मशीनचा प्लग काढून लॅपटॉपची वायर लावली. बटण दाबलं. पंखा बराच वेळ नुसता घरघरत राहिला. मला वाटलं, झालं, एवढंच. मग तो म्हणाला,

"आलो."

उत्तर द्यायला हवं. नाही दिलं तर माणूस खाली तसाच उभा राहतो, जागचा हलत नाही. इतकी वर्षं त्यांचं खाल्लं, एवढं मला कळत नाही का.

"या," मी म्हटलं.

शिवायचा पडदा तसाच पडला होता आणि सकाळी गिऱ्हाईक येणार होतं. मी वायर काढली नाही. सुईत दोरा ओवला आणि लॅपटॉपशेजारी बसून पडद्याची दुमड हातानेच घालत राहिले.