मला ओल्या फडक्यानं पुसू नका

मी एक जुनी ताडपत्री आहे, मित्रांनो. लोक मला चित्र म्हणतात. भिलाईतल्या एका क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, दिव्याच्या बटणाशेजारी मी टांगलेली असते. माझ्यावर एक नदी आहे, नदीत डोंगा आहे, डोंग्यात सात भिक्खू आहेत. काळ दीड हजार वर्षांपूर्वीचा. निदान मला रंगवणाऱ्या लहानूजींचं तसं म्हणणं होतं. त्यांची मुलगी पंचफुला दुर्गच्या शाळेत इतिहास शिकवते. तिचं म्हणणं वेगळं होतं.

त्या शेवटच्या रविवारचंच सांगते. पंचफुला वह्या तपासत होती आणि लहानूजी स्टुलावर बसून माझ्या नदीला निळा रंग देत होते. पाच वर्षं झाली होती, तरी नदी पुरी होत नव्हती.

"नदी वाटते का वो, बाई?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न ते दर रविवारी विचारत.

पंचफुलानं मान वर केली. "बाबा, दुसऱ्या भिक्खूच्या हातात घड्याळ आहे."

"भय्याजीचं हाये ते. तो म्हने, घड्याळ असन तरच डोंग्यात बसतो."

भय्याजी म्हणजे शेजारचे क्रेनवाले. माझ्यातले सातही भिक्खू आजूबाजूच्या क्वार्टरांतले आहेत.

"त्या काळी घड्याळं नव्हती."

"मंग ड्युटीवर कसे जात होते लोकं?"

पंचफुलानं कुणाच्या तरी वहीत लाल रेघ ओढली. लहानूजींनी बोलण्याच्या नादात ब्रश पाण्याऐवजी चहात बुडवला. काठाजवळ तपकिरी डाग पडला. त्यांनी मान तिरकी करून तो पाहिला आणि म्हणाले, "असू दे. पुराचं पानी हाये."

त्या दिवशी आणखी काहीच घडलं नाही. संध्याकाळी भाकरी झाल्या, माठ भरला, दार लागलं.

माझा जन्म रशियातला. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा तिकडून यंत्रं आली. त्यांच्या लाकडी पेट्यांवर मी पांघरलेली होते. जहाजातून विशाखापट्टणम, तिथून मालगाडीनं भिलाई. पाणी अंगावर घ्यायचं नाही, एवढंच माझं शिक्षण. इथं आल्यावर मी सिमेंटच्या पोत्यांवर राहिले, चहाच्या टपरीचं छप्पर झाले आणि एक पावसाळा गयाबाईंच्या बकरीवर काढला. गयाबाई म्हणजे लहानूजींची बायको. बकरीनं माझा एक कोपरा खाल्ला. तो आजही नाही.

लहानूजी भंडाऱ्याकडचे, वैनगंगेच्या काठच्या गावचे. कारखान्यात ते पाट्या रंगवत. 'सावधान, ऊपर काम चल रहा है' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलं होतं की घरातल्या वाणसामानाची यादीसुद्धा ते त्याच वळणदार अक्षरात लिहीत. त्या रविवारच्या पाच वर्षं आधी बुद्धजयंतीला सभेच्या मागे लावायला एक मोठं चित्र हवं होतं. लहानूजी म्हणाले, मी काढतो. विषयही त्यांनीच ठरवला: दुर्गजवळची शिवनाथ नदी ओलांडणारे प्राचीन भिक्खू.

"असं कुठल्या पुस्तकात नाही, बाबा," पंचफुला म्हणाली.

"नसन. पन गेले असतीनच न कोनी. पुस्तकवाल्याले दिसले नसतीन."

मग त्यांनी मला धुण्याच्या सोड्यात उकळलं, विटेनं घासलं, ताणून चौकटीवर ठोकलं आणि अंगाला सरस आणि खडूची पूड फासली. रशियाला परत निघालेल्या एका इंजिनिअरच्या बायकोनं त्यांना रंगाच्या नळ्यांची पेटी दिली होती. नळ्यांवरची अक्षरं रशियन. लहानूजी पाट्यांचा माणूस. रंग म्हणजे तेलाचाच, असं धरून त्यांनी तो टर्पेंटाइनमध्ये कालवला. त्याचं दही झालं. दोन दिवस ते रशियावर नाराज होते. तिसऱ्या दिवशी गयाबाई म्हणाल्या, "पान्यात टाकून पाहा न एकडाव." रंग सुरेख विरघळला.

म्हणजे बघा, जिनं जन्मभर पाणी अंगावर घेतलं नाही, तिच्यावर पाण्याच्या रंगानं नदी काढायची होती.

तरी ते जमलं. उजवीकडचा कोपरा रिकामा राहिला, तेव्हा हाताच्या सवयीनं त्यांनी तिथं एक पाटी उभी केली: 'सावधान, आगे पानी गहरा है.'

"दीड हजार वर्षांपूर्वी हिंदी नव्हती," पंचफुला म्हणाली.

"पालीत काय म्हनतेत ते सांग, तसं लिहितो."

पाटी राहिली.

बुद्धजयंतीच्या सकाळी गयाबाईंनी घर पुसता पुसता मलाही ओलं फडकं मारलं. चांगल्या मनानं मारलं. काठावर एक हत्ती उभा होता. त्याची सोंड, कान आणि चारही पाय फडक्यात गेले. पाठ तेवढी उरली. लहानूजी बराच वेळ उकिडवे बसून त्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी तिच्यावर छत्री काढली, खाली चौथरा काढला आणि तिचा स्तूप केला. सभेत सगळ्यांनी स्तूपाची फार तारीफ केली. एक पाहुणे म्हणाले, अगदी जिवंत वाटतो.

त्याच दिवशी घरी आल्यावर पंचफुला खरं ते बोलली. "बाबा, ही शिवनाथ नाहीच. असा काठ, असा डोंगा शिवनाथेवर नसतो. तुम्ही आपली वैनगंगा काढली."

लहानूजी ब्रश धूत होते. ते हळू म्हणाले, "मले दुसरी नदी येतच नाही, बाई."

पुढच्या रविवारपासून लहानूजी सायकलनं दुर्गच्या पुलावर जाऊन शिवनाथ बघून येऊ लागले आणि येऊन मला दुरुस्त करू लागले. इथं थोडी वाळू, तिथं थोडा खडक. दुरुस्ती झाली की विचारायचे, नदी वाटते का? पंचफुला कधी घड्याळाबद्दल बोले, कधी पाटीबद्दल. नदीचं उत्तर राहून जाई. आणि मित्रांनो, एवढ्या खटपटीनंतरही मी वैनगंगाच राहिले.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी पहिल्या पाळीला निघताना लहानूजींनी एक बूट घातला, दुसरा हातात घेऊन स्टुलावर बसले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. घर माणसांनी भरलं. माझ्यातले सातही भिक्खू आले. भय्याजी माझ्याकडे पाठ करून बसले आणि मनगटावरचं घड्याळ सदऱ्याच्या बाहीत सारत राहिले.

लहानूजींच्या नावानं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घर धुवायला काढलं. गयाबाईंना हाताला काम हवं होतं. भिंती झाल्या, खिडक्या झाल्या, स्टूल झालं. मग बादलीत फडकं पिळून त्या माझ्याकडे वळल्या. मी भिंतीवरची वस्तू, मला हलता येत नाही. फडक्यातून गळणाऱ्या थेंबांकडे बघत राहिले.

"आई, थांब," पंचफुला म्हणाली आणि तिनं मधे येऊन फडकं हातातून घेतलं.

"धूळ बसली हाये न वो."

"बसू दे. तू मागं हत्ती पुसला होतास."

"एकच त पुसला होता," गयाबाई म्हणाल्या. "त्याच्यावरून पाच वर्षं बोलला मले. आता कोन बोलन?"

दोघी हसल्या. हसू संपायला बराच वेळ लागला. मग गयाबाई तोंड धुवायला मागच्या अंगणात गेल्या.

तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणाच्या हातचं काही असेल, तर ते कोरड्या, मऊ कापडानं पुसा. ते कशानं केलंय, हे आधी विचारून घ्या. करणारा घरात आहे तोवर विचारा. आणि त्यानं तुम्हाला काही विचारलं, तर चुका नंतर सांगितल्या तरी चालतं.

पंचफुला फडकं बादलीत टाकून माझ्यासमोर आली. हात पदराला पुसले. घड्याळ पाहिलं, पाटी पाहिली, स्तूप पाहिला. चहाच्या डागापाशी तिची नजर थांबली. मग ती दोन पावलं मागे सरकली. पाण्याचा एक थेंबही मला सोसत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं डोळे आधी पुसून घेतले आणि रिकाम्या स्टुलाकडे बघून, वर्गात बोलते तशा स्पष्ट आवाजात म्हणाली,

"नदी वाटते, बाबा. आपलीच वाटते."